घरगुती विद्युतदाबाचे मापन : लघुदाब वाहिनीवरील ग्राहकाचा हक्क आणि त्याचा पुरावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विजेच्या प्रश्नाची चर्चा आजवर मुख्यतः दोन अंगांनी झालेली आहे. वीज किती तास मिळते हे एक अंग आणि ती कोणत्या दराने मिळते हे दुसरे. मिळालेली वीज वापरण्याजोगी असते काय, हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा 'डीपीवरचा' प्रश्न समजून वायरमनकडे सोपविला जातो. सायंकाळी सातच्या सुमारास दिवा मिणमिणतो, पंख्याची पाती मोजता येतील इतक्या संथपणे फिरतात, फ्रीज घुरघुरतो पण सुरू होत नाही. अशा घरात वीज आहे की नाही? आकडेवारीच्या दृष्टीने ती आहे. २००४ साली केंद्र शासनाने स्वीकारलेल्या व्याख्येनुसार गावातील किमान दहा टक्के घरांना जोडणी मिळाली आणि अन्य काही अटी पूर्ण झाल्या म्हणजे ते गाव विद्युतीकृत ठरत असे. २०१७ साली सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेने गावाऐवजी घर हे एकक मानले, ही निश्चितच प्रगती होती. परंतु तेथेही मोजली गेली ती जोडणी. त्या जोडणीतून किती व्होल्ट दाबाने वीज येते, हे मोजण्याची तरतूद कोणत्याही गणनेत नव्हती.

विद्युतदाबाची मर्यादा पाळणे हे वितरण परवानाधारकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. तथापि ही मर्यादा मोडली गेली हे सिद्ध करण्यासाठी लागणारी नोंद ग्राहकाच्या दारात, दीर्घकाळ आणि सलग झालेली असावी लागते. अशी नोंद नसल्यामुळे हा हक्क व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी राहिला आहे. ही स्थिती कशी निर्माण झाली, मापनाची कोणती साधने उपलब्ध आहेत आणि त्यांतून काय कळते व काय कळत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मर्यादा आणि तिच्यातील उणीव

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ५४ अन्वये लघुदाबावरील ग्राहकाच्या पुरवठा बिंदूपाशी घोषित दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक चढउतार असू नये, असे बंधन होते. या नियमांची जागा पुढे अन्य विनियमांनी घेतली. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ ने सेवेची मानके ठरविण्याचे काम राज्य विद्युत नियामक आयोगांकडे दिले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००५ साली केलेल्या कृतीच्या मानकांविषयीच्या विनियमांत लघुदाबासाठी हीच सहा टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. २०१४ साली हे विनियम नव्याने करण्यात आले. २०२१ च्या विनियमांच्या तर नावातच वीज गुणवत्तेचा उल्लेख आहे. २३० व्होल्ट हा घोषित दाब धरला तर सहा टक्के म्हणजे १३.८ व्होल्ट होतात. म्हणजेच ग्राहकाच्या मीटरपाशी दाब २१६.२ ते २४३.८ व्होल्ट यांच्या दरम्यान असावयास हवा. पुढील सर्व विवेचनात हाच मापदंड वापरला आहे.

ही मर्यादा वाचावयास सुस्पष्ट वाटते, परंतु तिच्यात काळाचा उल्लेख नाही. दाब क्षणभर २१० व्होल्टवर उतरला तर तो नियमभंग होय काय? आठवड्यातून एकदा, दोन मिनिटे उतरला तर? शेजारच्या घरी पाण्याची मोटर सुरू होताना दिव्यांचा प्रकाश क्षणभर दबतो, तो नियमभंग मानला तर देशातील एकही वाहिनी निर्दोष ठरणार नाही. युरोपातील 'ईएन ५०१६०' या मानकाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. त्यात प्रत्येक दहा मिनिटांची सरासरी काढावयाची असते आणि आठवड्यातील अशा ९५ टक्के सरासऱ्या घोषित दाबाच्या अधिक-उणे दहा टक्क्यांत असाव्या लागतात. दहा टक्के ही मर्यादा आपल्या सहा टक्क्यांपेक्षा सैल आहे, हे उघडच आहे. पण ती मोजता येते. आपली मर्यादा कडक आहे आणि तिचे पालन झाले की नाही हे ठरविण्याची रीत मात्र संदिग्ध आहे. कागदावरचा कडकपणा अशा वेळी ग्राहकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

दाब उतरतो कोठे

उपकेंद्रातून निघालेली ११ किलोव्होल्टची वाहिनी गावाजवळच्या रोहित्रापर्यंत येते. ग्रामीण भागात हे रोहित्र व त्यालगतची फ्यूजची पेटी या दोहोंना मिळून 'डीपी' म्हणण्याचा प्रघात आहे. रोहित्र ११ किलोव्होल्टचे रूपांतर दोन फेजमधील ४३३ व्होल्टमध्ये करते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामधील दाब त्यामुळे सुमारे २५० व्होल्ट होतो. हा आकडा भार नसतानाचा आहे. भार वाढला की रोहित्राच्या आतच काही व्होल्ट खर्ची पडतात आणि उरलेली घट तारेत होते. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मध्यरात्री, भार नगण्य असताना, डीपीलगतच्या घरात २५० व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो आणि तोही २४३.८ ची मर्यादा ओलांडणाराच असतो. कमी दाबाची तक्रार सर्वत्र ऐकू येते. अधिक दाब मात्र दिवा लवकर जळण्याखेरीज अन्य कशातून जाणवत नाही.

तारेतील घट समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. लघुदाब वाहिन्यांवर वापरल्या जाणाऱ्या 'वीझल' या नावाच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम असतो. डीपीपासून ५०० मीटर अंतरावरील वस्तीला एकाच फेजवरून वीज दिलेली आहे असे मानू. प्रवाह फेजच्या तारेने जातो आणि न्यूट्रलने परत येतो. म्हणजे एकूण मार्ग एक किलोमीटरचा व रोध ०.९ ओहमचा झाला. वस्तीतील सर्व घरे मिळून २० अँपिअर प्रवाह घेत असतील तर तारेतील घट १८ व्होल्ट होईल. सहा टक्क्यांची संपूर्ण मर्यादाच १३.८ व्होल्टची आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. रोहित्रापाशी नेमके २३० व्होल्ट असतील तर वस्तीवर २१२ च पोहोचतील. आणि २० अँपिअर म्हणजे काही मोठा भार नव्हे. पाच-सहा घरांत एकाच वेळी पाण्याची मोटर, इस्त्री वा मिक्सर चालू असला की तेवढा प्रवाह होतो. याच प्रवाहामुळे तारेत ३६० वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तिचा खर्च वितरण हानीच्या नावाने अखेर सर्व ग्राहकांच्या दरात मिसळतो.

हाच भार तीन फेजवर समान वाटला तर चित्र पालटते. संतुलित भार असताना न्यूट्रलमधून प्रवाह वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक फेजवर २० अँपिअर असूनही घट केवळ ९ व्होल्ट राहते. तिप्पट वीज आणि निम्मी घट! दाबाच्या पुष्कळशा तक्रारी नवी तार वा नवे रोहित्र न बसविता, केवळ घरांची फेजवरील वाटणी नीट करून सुटू शकतात. व्यवहारात मात्र उलटे घडते. ज्या फेजवर दाब कमी त्या फेजवरील तक्रारदाराचे घर वायरमन दुसऱ्या फेजवर जोडून देतो. त्या घराचा प्रश्न तात्पुरता सुटतो, दुसरी फेज जड होते आणि कोणते घर कोणत्या फेजवर आहे याची कार्यालयातील नोंद कालबाह्य ठरते. यात वायरमनला दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण केलेल्या बदलाचा परिणाम पाहण्याचे साधनच त्याच्याजवळ नसते.

वाहिनीच्या टोकाशी कोण राहतो, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नव्हे तर समाजशास्त्राचा आहे. रोहित्र प्रथम गावठाणात बसते. वाडी, पाडा, तांडा वा गावाबाहेरील वस्ती यांना बहुधा त्याच वाहिनीला तारा जोडून वीज दिली जाते. दर युनिटचा दर दोघांना सारखाच असतो. म्हणजे एकाच दराने दोन निरनिराळ्या प्रतीचा माल विकला जातो आणि हलक्या प्रतीचा माल ज्याच्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा आधीच आर्थिकदृष्ट्या दुर्बल असतो.

खाजगी उपाय, सार्वजनिक अपाय

कमी दाबाचा परिणाम सर्व उपकरणांवर सारखा होत नाही. गिझर, शेगडी यांसारख्या तापविणाऱ्या साधनांची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० व्होल्टवर ती मूळच्या सुमारे ६१ टक्केच उरते, पाणी तापण्यास अधिक वेळ लागतो इतकेच. मोटरचे तसे नाही. तिचा फिरविण्याचा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. ती अडकते, जास्त प्रवाह घेते, तापते आणि तिचे वेष्टन जळते. मोटर पुन्हा भरून घेण्याचा खर्च विजेच्या बिलात दिसत नसला तरी तो विजेवरचाच खर्च होय.

या हानीवर मध्यमवर्गाने शोधलेला उपाय म्हणजे स्टॅबिलायझर. तो आपल्या घरातील उपकरणाला २३० व्होल्टच्या आसपास दाब मिळवून देतो, परंतु त्यासाठी लागणारी शक्ती वाहिनीतूनच घेतो. एक हजार वॅटच्या भाराला २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर प्रवाह लागतो. वाहिनीवर १८० च व्होल्ट असतील तर तोच भार स्टॅबिलायझरमार्फत किमान ५.६ अँपिअर ओढतो. प्रवाह वाढला की तारेतील घट वाढते आणि ज्याच्याजवळ स्टॅबिलायझर नाही त्या शेजाऱ्याचा दाब आणखी उतरतो. मग तोही स्टॅबिलायझर घेतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना बाह्य परिणामांचे उदाहरण शोधण्यासाठी कारखान्याच्या धुराड्यापर्यंत जाण्याची गरज नाही, ते गल्लीतच सापडेल. भ्रमणध्वनीचे चार्जर, संगणक, नव्या धर्तीचे इन्व्हर्टर तंत्राचे वातानुकूलक ही साधनेही दाब कमी झाला की जास्त प्रवाह घेऊन आपली शक्ती कायम राखतात. अशा साधनांची संख्या वाढत असल्याने कमी दाबाच्या वाहिनीची ही प्रवृत्ती अधिकच बळावणार आहे.

न्यूट्रल तुटल्यावर

कमी दाबाने नुकसान हळूहळू होते. न्यूट्रल तार तुटली वा तिचा जोड सैल झाला तर ते काही क्षणांत होते. अशा वेळी दोन निरनिराळ्या फेजवरील घरे एकमेकांना साखळीप्रमाणे जोडली जातात आणि दोन फेजमधील ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यात भाराच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. एका घरात २,००० वॅटचा गिझर आणि दुसऱ्या घरात १०० वॅटचा दिवा चालू असेल, तर गिझरच्या वाट्याला सुमारे १९ व्होल्ट आणि दिव्याच्या वाट्याला ३८१ व्होल्ट येतात. काटकसरीने वीज वापरणाऱ्या घरातील उपकरणे जळतात आणि जास्त वापर करणाऱ्याचे गिझर केवळ थंड राहते, हा या अपघातातील विचित्र भाग. एकाच गल्लीतील काही घरांत दूरचित्रवाणी संच एकाच रात्री जळाल्याच्या तक्रारी येतात, त्यांच्यामागे बहुधा हेच कारण असते. अनेकदा दोष 'वरून जास्त व्होल्टेज आले' असा सांगितला जातो, परंतु वरून काहीही आलेले नसते.

दाबाच्या सलग नोंदीचे महत्त्व येथे सर्वाधिक आहे. सैल न्यूट्रल एकदम तुटत नाही. त्यापूर्वी काही दिवस वा आठवडे एका फेजवरील घरांचा दाब वाढत असतानाच दुसऱ्या फेजवरील घरांचा कमी होतो आणि ही हालचाल भाराबरोबर वरखाली होत राहते. सर्वसाधारण कमी दाबात तिन्ही फेज बहुधा एकाच दिशेने हलतात. विरुद्ध दिशेची ही हालचाल ओळखता आली तर जोड वेळीच आवळता येतो. केवळ एका घरातील नोंदीवरून हे निश्चित करता येत नाही. त्यासाठी किमान दोन फेजवरील नोंदी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

मापनाची साधने

सर्वांत साधे साधन म्हणजे मल्टिमीटर. अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरांच्या पडद्यावरही बटण दाबून त्या क्षणाचा दाब पाहता येतो. पण या दोहोंतून केवळ एक क्षण कळतो. तक्रार नोंदविल्यावर कर्मचारी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता येतो, मीटर लावतो आणि २२८ व्होल्ट दाखवितो. तक्रार सायंकाळची असते. दोघेही खरे बोलत असतात.

या अडचणीवर उपाय म्हणून पुण्यातील 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने हाती घेतलेला वीजपुरवठा संनियंत्रण उपक्रम उल्लेखनीय आहे. घरातील साध्या सॉकेटमध्ये बसविता येणारे लहानसे उपकरण दर मिनिटाला दाब नोंदविते आणि ती नोंद भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून मध्यवर्ती संगणकाकडे पाठविते. २०१४ नंतरच्या काही वर्षांत विविध राज्यांतील शहरी व ग्रामीण घरांत अशी उपकरणे बसविण्यात आली आणि त्यांच्या नोंदी सर्वांना पाहण्यासाठी खुल्या करण्यात आल्या. वितरण कंपन्या पुरवठ्याच्या विश्वासार्हतेचे जे निर्देशांक प्रसिद्ध करतात ते प्रामुख्याने ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरील नोंदींवर आधारलेले असतात. डीपीचा फ्यूज गेला तर ती वाहिनी चालूच असते, घर मात्र अंधारात असते. या उपक्रमाचे वेगळेपण असे की त्याने नोंदीची जागा उपकेंद्रातून घरात आणली.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सॉकेटमध्ये शून्य दाब आला तर वाहिनी बंद पडली की घरातील फ्यूज उडाला, हे उपकरणाला सांगता येत नाही. घरातील जुन्या वायरिंगमधील घटही नोंदीत मिसळते आणि कायद्याने कर्तव्य ठरविले आहे ते पुरवठा बिंदूपर्यंतचे, म्हणजे मीटरपर्यंतचे. शिवाय उपकरण घरात ठेवण्यास स्वेच्छेने तयार झालेली घरे ही सर्व घरांचा यादृच्छिक नमुना नसतात. तेव्हा अशा नोंदींवरून राज्याची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. त्यांचे मोल प्रत्येक ठिकाणचे तपशीलवार चित्र मिळण्यात आहे.

स्मार्ट मीटरमुळे ही परिस्थिती बदलू शकते. केंद्र शासनाने २०२१ साली मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे लक्ष्य ठेवण्यात आले. 'आयएस १६४४४' या भारतीय मानकानुसार तयार होणारे हे मीटर वापरलेल्या युनिटांबरोबरच पंधरा वा तीस मिनिटांच्या कालखंडातील सरासरी दाबही साठवितात. महाराष्ट्रात या मीटरांना २०२४ साली मोठा विरोध झाला. त्या वादाचा भर बिल, प्रीपेड पद्धत आणि खर्च यांवर होता, आणि ते स्वाभाविक होते. मीटर ग्राहकाच्या वापराची नोंद कंपनीसाठी ठेवतो, तशीच कंपनीच्या पुरवठ्याची नोंद ग्राहकासाठीही ठेवू शकतो, हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला.

मात्र सरासरीविषयी सावध राहावयास हवे. अर्ध्या तासातील २५ मिनिटे दाब २२७ व्होल्ट होता आणि उरलेली ५ मिनिटे १६५ व्होल्ट होता असे समजू. या अर्ध्या तासाची सरासरी २१६.७ व्होल्ट येते, म्हणजे नियमाच्या मर्यादेत. त्या पाच मिनिटांत फ्रीजचा काँप्रेसर जळून गेला तरी नोंद निर्दोष दिसेल. यासाठी सरासरीबरोबर त्या कालखंडातील किमान आणि कमाल दाब नोंदविणे आवश्यक आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीच अवघड नाही. मीटर दाब सतत मोजतच असतो. प्रश्न आहे तो काय साठवावयाचे आणि कोणाला दाखवावयाचे, एवढाच.

अशा नोंदींचा आणखी एक उपयोग येथे सांगणे अगत्याचे वाटते. एकाच रोहित्राच्या एकाच फेजवरील घरांचा दाब दिवसभर जवळजवळ एकाच लयीत वरखाली होतो. त्यामुळे दोन मीटरांच्या दाबनोंदींतील सहसंबंध काढला तर ती घरे एकाच फेजवर आहेत की नाहीत, हे खांबावर न चढता बऱ्याच विश्वासाने सांगता येते. वर उल्लेखिलेली, वायरमनच्या बदलांमुळे जुनी झालेली नोंद याप्रकारे नव्याने तयार करता येईल आणि फेजवरील भाराची वाटणी आखून करता येईल. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास हे काम सहज करता येईल.

छपरावरील सूर्य

आजवर दाबाचा प्रश्न म्हणजे दाब उतरण्याचा प्रश्न, असेच समीकरण होते. घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसू लागल्यापासून त्याची दुसरी बाजू पुढे येत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. दुपारी घरात वापर कमी असतो, पॅनेलची वीज उलट दिशेने रोहित्राकडे वाहू लागते आणि त्याबरोबर तारेतील घटही उलटते. दाब घराकडे चढत जातो. वरील उदाहरणातील ५०० मीटरच्या वाहिनीच्या टोकाशी तीन किलोवॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने वीज पाठवीत असेल तर प्रवाह १३ अँपिअर आणि दाबातील वाढ सुमारे १२ व्होल्ट होते. रोहित्रापाशी त्या वेळी २४५ व्होल्ट असतील तर टोकाच्या घरात २५७ होतील. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांत, दाब घोषित दाबाच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टवर गेला की असा संच दोन सेकंदांच्या आत वाहिनीपासून विलग व्हावा, अशी तरतूद करण्यात आली. म्हणजे भर दुपारी, ऊन सर्वाधिक असताना, संच बंद पडतो. मालकाला वाटते की पॅनेलच सदोष आहे.

रोहित्राचा टॅप बदलून दाब खाली आणणे हा त्यावरचा रूढ उपाय. परंतु वितरण रोहित्राचा टॅप पुरवठा बंद करून हाताने बदलावा लागतो, आणि लहान रोहित्रांपैकी पुष्कळांना ती सोयही नसते. दुपारसाठी टॅप खाली घेतला तर सायंकाळी, सूर्य मावळल्यावर आणि भार चढल्यावर, त्याच वस्तीतील दाब आणखी खाली जाईल. एकाच वाहिनीवर एकाच दिवशी दोन्ही मर्यादा मोडल्या जाण्याची ही अवस्था आहे. कोणत्या वाहिनीवर आणखी किती संच बसविता येतील याचा निर्णय आज प्रामुख्याने रोहित्राची क्षमता पाहून घेतला जातो. टोकाच्या घरातील दाबाची नोंद पाहिल्याशिवाय तो अंदाजाचाच राहणार.

नोंद कोणाची

विद्युत अधिनियमाच्या कलम ४२ अन्वये प्रत्येक परवानाधारकाने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच स्थापन करणे आवश्यक आहे आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास ग्राहकाला विद्युत लोकपालाकडे जाता येते. केंद्र शासनाच्या विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये दाबविषयक तक्रारींच्या निराकरणासाठी लागणारा वेळ हा भरपाईस पात्र अशा बाबींत गणला आहे. ज्या बाबींचे दूरस्थ संनियंत्रण शक्य आहे त्यांची भरपाई ग्राहकाने न मागता मिळावी, असेही त्या नियमांचे धोरण आहे. या तरतुदी एकत्र वाचल्या तर चित्र आशादायक दिसते. प्रत्यक्षात मंचासमोर ग्राहक आपला अनुभव सांगतो आणि कंपनी तपासणीचा अहवाल सादर करते. अनुभवापेक्षा अहवालाचे वजन अधिक भरते, कारण तो आकड्यांत असतो.

ग्राहकाच्या भिंतीवरील मीटरमध्येच जर दाबाची नोंद साठत असेल तर ती त्याला विनामूल्य, सहज वाचता येईल अशा स्वरूपात आणि मागील किमान एका वर्षाची मिळावी, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. वापराच्या नोंदीवरून घरात माणसे केव्हा असतात, केव्हा झोपतात हे कळू शकते. त्यामुळे ती खाजगी ठेवणे रास्त आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानंतर तर अधिकच. दाबाची नोंद मात्र मुख्यतः वाहिनीविषयी बोलते. एखाद्या रोहित्रावरील सर्व घरांच्या दाबाचा, नावे वगळून काढलेला गोषवारा प्रसिद्ध केल्याने कोणाच्याही खाजगीपणाला धक्का लागण्याचे कारण दिसत नाही. गोव्यात वितरणाचे काम थेट शासनाच्या वीज खात्याकडे आहे; तेथे तर हा गोषवारा सार्वजनिक करण्यात व्यापारी गुपिताचाही अडसर सांगता येणार नाही.

महाविद्यालयांना करता येण्यासारखे काम

अशी नोंद मिळेपर्यंत ती स्वतंत्रपणे तयार करणे ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एका रोहित्रावरील तीन घरे निवडावीत : एक डीपीलगत, एक मध्यावर आणि एक टोकाशी, शक्यतो तिन्ही एकाच फेजवरील. तिन्ही ठिकाणी दर मिनिटाला दाब नोंदविणारी उपकरणे बसवून त्यांची घड्याळे जुळवून घ्यावीत. बाजारात मिळणारी तयार उपकरणे वापरणे श्रेयस्कर. भौतिकशास्त्र विभागाने स्वतः तयार करावयाचे ठरविल्यास मुख्य दाब आणि मापनाचा परिपथ यांच्यामध्ये विलगीकरण करणारा लहान ट्रान्सफॉर्मर अनिवार्य समजावा आणि उपकरण प्रमाणित मल्टिमीटरशी ताडून घ्यावे. विद्यार्थ्यांनी खांबावरील वा मीटरच्या पेटीतील कोणत्याही जोडाला हात लावू नये.

नोंदींचे वाचन फारसे कठीण नाही. डीपीलगतच्या घरात दाब योग्य आणि टोकाशी कमी असेल तर दोष लघुदाब तारेचा, तिच्या जोडांचा वा फेजवरील असमान वाटणीचा आहे. तिन्ही घरांत दाब एकाच वेळी कमी असेल तर रोहित्रावरील अतिभाराचा किंवा ११ किलोव्होल्टच्या वाहिनीवरील घटीचा संशय घ्यावा. एका घरात चढ आणि दुसऱ्यात उतार दिसला तर निवडलेली घरे एका फेजवरील नाहीत आणि न्यूट्रल तपासण्याची गरज आहे, असे समजून त्याच दिवशी वितरण कार्यालयास कळवावे. अहवालाची वाट पाहू नये. अर्थशास्त्र विभागाने याच घरांतून स्टॅबिलायझर, जळालेल्या मोटरी आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च यांची माहिती घेतल्यास दाबाच्या नोंदीशेजारी तिची किंमतही मांडता येईल.

कालावधी निवडताना स्थानिक शेतीचे वेळापत्रक पाहावे. जेथे गावठाणाची वाहिनी कृषिपंपांपासून वेगळी केलेली नाही तेथे रब्बीच्या पाण्याच्या पाळ्यांत दाबाची स्थिती सर्वांत बिकट असते. जेथे ती वेगळी आहे तेथे एप्रिल-मे मधील रात्रीचा भार निर्णायक ठरतो. पावसाळ्यातील दोन आठवड्यांची नोंद यांपैकी कशाचेच दर्शन घडविणार नाही. तक्रार करावयाची झाल्यास अर्जासोबत ग्राहक क्रमांक, रोहित्राचा क्रमांक, उपकरणाचे नाव व ताडणीची तारीख, दररोज दाब २१६.२ व्होल्टच्या खाली व २४३.८ च्या वर किती मिनिटे होता याचा तक्ता आणि मूळ नोंदीची प्रत जोडावी. तो अर्ज घरमालकाच्या सहीने आणि त्याच्या लेखी संमतीने जावा, महाविद्यालयाच्या नावाने नव्हे. पोच घेतल्याखेरीज कार्यालय सोडू नये.